हिशेबातली बरकत

अस्रची नमाज आटोपली की मोहल्ल्यातल्या रस्त्याचे रूप पालटते. पुण्यातला मोमीनपुरा असो वा कोंढवा, मुंबईचा मोहम्मद अली रोड असो वा संभाजीनगरचे शहागंज, चित्र सगळीकडे सारखेच. कलिंगड, पपई, केळी, द्राक्षे यांच्या हातगाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात. शेजारी खजुराचे ढीग. कामावरून थेट बाजारात आलेला रोजेदार घड्याळाकडे बघत पिशवी भरत असतो. मगरिबची अजान व्हायला तास-दीड तास उरलेला असतो. अजून घरी पोहोचायचे, फळे धुवायची, चिरायची. अशा वेळी भाव कोण विचारतो? ‘दे भाऊ लवकर’ एवढेच तोंडून निघते.

रमजानचा किराणा एकदाच भरला जातो. तांदूळ, डाळ, तेल, बेसन यांचा आकडा डोळ्यांसमोर असतो. फळांचे तसे नाही. ती रोज थोडी थोडी येतात, रोज सुटे पैसे जातात आणि ते कोणी वहीत मांडत नाही. समजा, पाच माणसांच्या घरात इफ्तारसाठी रोज दीडशे रुपयांची फळे येतात. तीस रोज्यांचे साडेचार हजार रुपये झाले. महिन्याचा ठरावीक पगार असलेल्या घराला हा खर्च पेलतो. पण रिक्षा चालवणारा, हमाली करणारा किंवा शिवणकामावर घर ओढणारी बाई यांच्यासाठी साडेचार हजार म्हणजे मुलांचे ईदचे कपडे असतात, नाहीतर घरभाड्याचा मोठा हिस्सा.

एक गोष्ट आधी स्पष्ट व्हावी. फळांनी भरलेले ताट ही आपली रीत आहे, रोज्याची अट नाही. पैगंबर मुहम्मद (स.) ताज्या खजुराने रोजा सोडत, तो नसेल तर सुक्या खजुराने आणि तोही नसेल तर पाण्याच्या घोटांनी, असे हदीसमध्ये येते. म्हणजे ज्याच्या दस्तरखानावर फळ नाही, त्याच्या रोज्यात काही उणे राहत नाही. तरीही सुमारे तेरा तास पाण्याविना राहिलेल्या शरीराला फळासारखे दुसरे काही नाही. पाणी, साखर, क्षार आणि तंतू एकाच घासात मिळतात. भज्यांचा घाणा त्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून फळ ताटातून काढायचे नाही, खर्च कमी करायचा आहे. कुरआनच्या सूरह फुरकानमध्ये खर्च करताना उधळपट्टी आणि कंजुषी या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग धरणाऱ्यांची वाखाणणी आहे. तो मधला मार्ग भाजी मंडईतही सापडतो.

चंद्राचा महिना, सूर्याची फळे

इस्लामी वर्ष चंद्रावर चालते. ते सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ आणि २०१९ साली तो मे महिन्यात सुरू झाला होता. तेव्हा इफ्तारला आंबा होता, कलिंगड होते, जांभळे येऊ घातली होती. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे. आणखी काही वर्षांनी कडक थंडीत येईल. २०३० साली तर एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि एकदा डिसेंबरच्या अखेरीस.

महिना चंद्राचा, पण फळे सूर्याच्या हिशेबाने पिकतात. महिना सरकतो तशी इफ्तारची यादीही सरकायला हवी. ती सरकत नाही. खजूर, सफरचंद, डाळिंब, कलिंगड, पपई, केळी हीच यादी जुलैतही आणि फेब्रुवारीतही. काश्मीर आणि हिमाचलच्या सफरचंदाची तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होते. मार्चमध्ये आपण खातो ते सफरचंद शीतगृहातून निघालेले तरी असते किंवा परदेशातून आलेले तरी. कित्येक महिन्यांचे भाडे आणि वीज आपण त्याच्या भावात भरतो.

त्याच वेळी आपल्या राज्यात काय पिकते आहे, ते पाहा. नाशिक आणि तासगावची द्राक्षे ऐन भरात असतात. नागपूरच्या संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो. डहाणू-घोलवडचा चिकू असतो. जळगावची केळी तर बारमाही. फेब्रुवारीपासून कलिंगड आणि खरबूज यांची आवक वाढत जाते. या फळांना लांबचा प्रवास नाही, महिनोन्‌महिने साठवण नाही. म्हणून ती स्वस्त पडतात आणि ताजीही असतात. हापूसची पेटी मार्चमध्ये दिसते, पण तिचा भाव हौसेचा असतो. आंब्याला एप्रिल-मेपर्यंत थांबावे. तो ईदनंतर खाल्ला तरी गोडच लागतो.

कलिंगडाच्या बाबतीत आपला मोहल्ला आणि गावाकडचे शेत यांचे नाते आहे. हे पीक लागवडीपासून साधारण सत्तर दिवसांत निघते. राज्यातले अनेक शेतकरी रमजान कधी सुरू होणार ते पाहून मागे दिवस मोजतात आणि त्याप्रमाणे लागवड करतात. आपल्या इफ्तारची वेळ कुणाच्या तरी पिकाचे वेळापत्रक ठरवते. ज्या आठवड्यात कलिंगडाचे टेम्पो रस्त्याच्या कडेला उभे राहू लागतील, त्या आठवड्यात तेच फळ घ्यावे. शेतकरी स्वतः टेम्पोवर असेल तर आणखी चांगले. आडत, हमाली आणि तोलाई हे टप्पे वगळून पैसा थेट त्याच्या हातात जातो.

घड्याळाचा भाव

बाजारात फळाला भाव असतो, तसा वेळेलाही असतो. अस्र ते मगरिब हे दीड-दोन तास सर्वांत महाग. सगळ्या मोहल्ल्याला एकाच वेळी तीच चार फळे हवी असतात. विक्रेत्याला भाव उतरवण्याचे कारण नसते. शिवाय उपाशी पोटी बाजारात गेलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट हवीशी वाटते. एक पपई पुरली असती तिथे दोन येतात आणि दुसरी परवा कचऱ्यात जाते.

रमजानमध्ये आपल्या हाती एक वेळ अशी असते, जी इतरांना जागून काढावी लागते. सहरीसाठी सारे घर पहाटे उठलेलेच असते. फज्रची नमाज झाली की बहुतेक जण पुन्हा आडवे होतात. नेमक्या त्याच वेळी मंडई जागी होते. पुण्याचे मार्केट यार्ड, वाशीची फळबाजारपेठ, भायखळ्याची भाजी मंडई, गावोगावच्या बाजार समित्या यांचा दिवस पहाटेच सुरू होतो. आठवड्यातून दोनदा, फज्रनंतर मंडईची एक फेरी मारली तर रोजच्या संध्याकाळच्या खरेदीपेक्षा माल ताजा आणि भाव कमी असतो.

अडचण एवढीच की घाऊक बाजारात पाव-अर्धा किलो कोणी तोलून देत नाही. तिथे क्रेट, पेटी आणि गोणी चालते. यावर उपाय शेजाऱ्याच्या दारात आहे. एका इमारतीतल्या पाच घरांनी मिळून एक क्रेट टोमॅटो, एक क्रेट पपई, एक पेटी संत्री आणायची आणि जिन्यातच वाटून घ्यायची. आळीपाळीने एकाने जायचे. रिक्षाचे भाडे पाच ठिकाणी विभागले की नगण्य होते. ज्या वस्त्यांत महिलांचे बचत गट आहेत, तिथे हे काम अधिक सोपे. पैसे गोळा करण्याची आणि हिशेब ठेवण्याची सवय त्यांना आहेच.

मंडई लांब असेल तर आठवडे बाजार गाठावा. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरवायला चालना मिळाली. आपल्या भागात तो कोणत्या वारी भरतो, हे शेजारी विचारले तरी कळते. तेही जमत नसेल तर सकाळी दहा-अकराला, दुकाने निवांत असताना घ्यावे. तरावीह आटोपून परतताना गाडीवाले उरलेला पिकलेला माल वाट्यावर देतात. तो सहरीला किंवा दुसऱ्या दिवशी खाऊन संपणार असेल तरच घ्यावा.

साल, बी आणि देठ

भाव किलोचा असतो, पण पोटात किलो जात नाही. घरच्या हिशेबात हा मुद्दा नेहमी सुटतो. केळ्याच्या वजनातला जवळजवळ तिसरा हिस्सा साल असते. कलिंगडाचाही तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सालीत जातो. डाळिंबाचे निम्म्याच्या आसपास वजन टरफल आणि पडद्यांचे. उलट द्राक्षात देठाशिवाय काही टाकायचे नसते आणि पेरूत तर जवळपास काहीच नाही. समजा डाळिंब १६० रुपये किलो मिळाले आणि त्याचे निम्मे वजन टाकले, तर दाण्यांचा भाव ३२० रुपये किलो झाला. पेरू ८० रुपये किलो असेल तर तो ८० रुपयेच राहतो. पेरूत ‘क’ जीवनसत्त्वही संत्र्यापेक्षा काही पटींनी जास्त असते. पाहुण्यांसमोर मात्र आपण डाळिंब मांडतो आणि पेरूला गरिबाचे फळ म्हणतो.

चिरलेल्या फळांची तयार प्लेट हा सर्वांत महागडा प्रकार. तिच्यात चिरणाऱ्याची मजुरी, डबी आणि बर्फ यांचे पैसे असतात. शिवाय ते फळ किती वेळ उघड्यावर होते, हे कळत नाही. अख्खे फळ घ्यावे, सालीसकट धुवावे, मग सुरी लावावी. न धुतलेल्या सालीवरून फिरलेली सुरी घाण आत नेते.

डागी फळांबद्दल दोन शब्द. वाट्यावर मिळणारी डागी फळे घेण्यात कमीपणा नाही. सफरचंद, पेरू यांसारख्या घट्ट फळाचा थोडासा डागाळलेला भाग खोल काढून टाकला तर उरलेले खाता येते. मऊ फळांचे तसे नाही. बुरशी धरलेली द्राक्षे, आंबूस वास येणारी पपई किंवा कलिंगड कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला ते सोसत नाही आणि वाचलेले दहा रुपये डॉक्टरकडे शंभराचे होतात.

दस्तरखानावरून कचऱ्यात

सगळ्यात महाग फळ ते, जे विकत आणून फेकले जाते. मगरिबनंतर दस्तरखान आवरताना बघा. सहा फळांची फ्रूट चाट मोठ्या भांड्यात अर्धी उरलेली असते. साखर-मीठ लागल्याने तिला पाणी सुटलेले, केळी काळी पडलेली. सकाळपर्यंत ती कोणी खात नाही. कुरआनच्या सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा देताना उधळपट्टीला मनाई केली आहे. या उरलेल्या चाटला दुसरे नाव नाही.

यावर मार्ग सोपा आहे. एका दिवशी दोनच फळे ठेवावीत, एक रसाचे आणि एक पोटभरीचे. आज कलिंगड आणि केळी, उद्या संत्री आणि चिकू. महिनाभरात सगळी फळे होतात. इफ्तारला निम्मेच चिरावे. उरलेले अख्खे ठेवून तरावीहनंतर खावे. खरी भूक तेव्हाच लागते. चाट करायची असेल तर साखर घालूच नये आणि मीठ-मसाला वाढताना वरून भुरभुरावा. केळी शेवटी घालून लिंबाचा रस चोळला की ती लवकर काळी पडत नाहीत. जास्त पिकलेल्या केळ्यांचे सहरीला शिकरण होते. कलिंगडाच्या हिरव्या सालीखालचा पांढरा गर दुधी भोपळ्यासारखा शिजतो. त्याची भाजी किंवा थालीपीठ ज्यांनी एकदा खाल्ले, ते तो पुन्हा टाकत नाहीत.

साठवणही महत्त्वाची. केळी आणि सफरचंद पिकताना एक वायू सोडतात. त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते. म्हणून ती वेगळी ठेवावीत. कांदे आणि बटाटे एका टोपलीत नकोत. कोथिंबीर निवडून, मुळे कापून, कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळली तर आठवडाभर टिकते. पुदिन्याच्या चार काड्या खिडकीतल्या कुंडीत खोचल्या की चटणीपुरता पुदिना घरचाच.

लिंबाचे उदाहरण सर्वांच्या लक्षात असेल. २०२२ साली रमजान एप्रिलच्या सुरुवातीला आला आणि त्याच दिवसांत देशभर लिंबाचे भाव कधी नव्हे इतके चढले होते. ऊन वाढू लागले की लिंबू महागते, हा दरवर्षीचा अनुभव. स्वस्त असताना लिंबे घेऊन रस काढावा आणि बर्फाच्या साच्यात गोठवावा. नाहीतर सरबतासाठी कोकम, चिंच आणि मार्चमध्ये येणारी कैरी आहेच. महाग झालेल्या वस्तूच्या मागे धावणे कुठल्या शरीयतने सांगितले आहे?

हीच गोष्ट सहरीची. पहाटे मटण-खिमा रोज परवडत नाही आणि दिवसभर तहानही वाढवतो. आपल्या आजी-नानींनी यावर उत्तर शोधलेले आहे. दालचात दुधी पडतो, गोश्तात कधी मेथी, कधी पालक, तर मराठवाड्यात अंबाडी. अर्धा किलो मटणात दोन जुड्या भाजी गेली की तेच पातेले सहा जणांना पुरते. भाजी ही मटणाची गरिबी झाकण्याची युक्ती नव्हती, ती खाण्याची अक्कल होती. भाजीतले तंतू आणि पाणी यांमुळे दुपारपर्यंत पोट शांत राहते.

बचत कोणाच्या खिशातून?

पैसे वाचवण्याचा एक मार्ग मात्र मी सुचवणार नाही. हातगाडीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालण्याचा. मॉलमध्ये छापील किमतीला आपण निमूट पैसे मोजतो आणि उन्हात उभ्या असलेल्या माणसापाशी आपली सगळी हुशारी बाहेर काढतो. तोही रोजेदार असतो. कधी तो रोजेदार नसतोही, पण अजान होताच गिऱ्हाइकाला आधी खजूर देतो आणि मग पैसे घेतो. विकताना आणि विकत घेताना नरमाईने वागणाऱ्यासाठी पैगंबरांनी दुआ केली आहे. ती दोन्ही बाजूंना लागू आहे. विक्रेत्यालाही मापात पाप न करण्याची कडक ताकीद सूरह मुतफ्फिफीनमध्ये आहे. काट्याकडे लक्ष ठेवणे हा आपला हक्क आहे. वजन चोख मागावे, पण त्याच्या मजुरीवर हात मारू नये. वेळ बदलून, फळ बदलून आणि नासाडी थांबवून जे वाचते, ते कोणाच्याही तोंडातले नसते.

आणि जे वाचते, त्याचे काय करायचे? दीडशेतले पन्नास वाचले तरी महिन्याचे दीड हजार होतात. ते मुलांच्या कपड्यांना लागले तर उत्तमच, घरच्यांवर केलेला खर्चही पुण्याचाच आहे. ज्यांचे त्याविना भागते, त्यांनी मशिदीकडे पाहावे. मोहल्ल्यातल्या घरांतून मशिदीत इफ्तारची ताटे जातात. प्रवासी, एकटे राहणारे कामगार, वसतिगृहातली मुले त्यावर रोजा सोडतात. पण ताटे ठरवून जात नाहीत. शुक्रवारी आणि सत्ताविसाव्या रोज्याला चिरलेल्या फळांचा डोंगर होतो, निम्मी फळे वाया जातात आणि एखाद्या मंगळवारी केळ्यांपलीकडे काही नसते.

मशिदीच्या फलकावर एक कागद लावला तर हे सहज थांबेल. तीस दिवस, प्रत्येक दिवसापुढे चार-पाच घरांची नावे आणि कोणी काय आणायचे ते. फळे अख्खी न्यावीत, चिरून नव्हे. लागतील तेवढी तिथेच चिरली जातील. उरलेले अख्खे कलिंगड, डझनभर केळी किंवा किलोभर संत्री रात्री त्या घरी पोहोचवता येतील, जिथल्या बाईने यंदा फळांच्या गाडीकडे पाहणेच सोडून दिले आहे. चिरलेल्या उरल्यासुरल्या फोडी कोणाच्या दारात नेताना संकोच वाटतो, घेणाऱ्यालाही वाटतो. अख्खे फळ मात्र शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या वाणोळ्यासारखे हातात ठेवता येते, आणि ते कधी खायचे हे ज्याचे त्याला ठरवता येते.